आरोपालाही कस लावावा

आटपाडी-विटा परिसरातील गलाई बांधव देशभर सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. माल आणणारा कितीही परिचयाचा असो, कस पाहिल्याखेरीज ते धातूचे मोल ठरवीत नाहीत. ईमेलच्या गोपनीयतेविषयी उठणाऱ्या आरोपांना मात्र असा कस क्वचितच लावला जातो.

प्रोटॉन मेल ही स्वित्झर्लंडमधील ईमेल सेवा २०१४ साली सुरू झाली. साठवलेल्या पत्रांचा मजकूर आपल्यालाही वाचता येत नाही, असा तिचा दावा. मे २०१९मध्ये एका स्विस वकिलाने आरोप केला की, ही कंपनी पोलिसांना पाळतीसाठी स्वेच्छेने साहाय्य करते. मुख्य आधार कोणता? तर एका सरकारी अभियोक्त्याच्या व्याख्यानात ऐकलेले विधान! अभियोक्त्याने आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाल्याचे सांगितले, कंपनीनेही इन्कार केला. परंतु तोवर आरोप दूरवर पोहोचला होता.

याचा अर्थ कंपनी निष्कलंक होती, असे नव्हे. सप्टेंबर २०२१मध्ये फ्रेंच पोलिसांच्या कागदपत्रांतून उघड झाले की, स्विस आदेशानुसार कंपनीने एका पर्यावरणवादी कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून दिला. कंपनीने ते मान्य केले आणि संकेतस्थळावरील आपला दावा बदलला. ऐकीव आरोप वादातच अडकला, कागदाने मात्र दावा बदलायला लावला.

हा वाद आता आपल्याही दारी आला आहे. एका कंपनीतील महिलांना आलेल्या अश्लील ईमेलच्या तक्रारीवरून एप्रिल २०२५मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सेवा रोखण्याची कार्यवाही करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. तक्रार गंभीरच होती. म्हणूनच तिच्याभोवती फिरणाऱ्या प्रत्येक विधानाची छाननी आवश्यक ठरते.

छाननी चुकली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर आला. संताप रास्तच होता. दूरसंचार कंपनीने पुरविलेल्या आयपी पत्त्याच्या तपशिलावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुणास अटक केली. तपशील चुकीचा निघाला; पण त्या निरपराध तरुणाचे ५० दिवस कोठडीत गेले. यात महाराजांचा कोणता सन्मान झाला?

तेव्हा असा संदेश हाती आला की चार प्रश्न विचारावेत. सांगणारा कोण? त्याने स्वत: पाहिले की केवळ ऐकले? कागद कोठे आहे? दुसऱ्या बाजूचे उत्तर काय? उत्तरे मिळेपर्यंत तो संदेश आपल्यापाशीच थांबू द्यावा.