फास्टर फेणे कोणाचा?

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला आज एक प्रश्न विचारा. फास्टर फेणे कोण? ‘तो सिनेमातला!’ असं उत्तर येईल. मग विचारा, त्याला लिहिलं कोणी? इथे गाडी अडते. मुरबाडला बायकांच्या एका कार्यक्रमात मी हेच विचारलं. अमेय वाघचं नाव लगेच आलं. भा. रा. भागवतांचं नाव फक्त एका शिक्षिकेने घेतलं.

भागवत (१९१०-२००१) यांनी मुलांसाठी आयुष्यभर लिहिलं. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला जन्म दिला. पुण्याच्या शाळेत शिकणारा हा किडकिडीत पोरगा सायकल दामटत संकटात शिरतो आणि डोकं चालवून बाहेर येतो. त्याची वीसेक पुस्तकं आहेत. पुढे दूरदर्शनवर मालिका आली, तिच्यात सुमीत राघवन फेणे झाला. २०१७ मध्ये सिनेमा आला. त्यातला फेणे मोठा झालाय, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. सिनेमावाल्यांनी लेखकाचा मान राखला, हे सांगायलाच हवं. दिलीप प्रभावळकरांनी त्यात भागवतांचीच भूमिका केली आहे. तरी लक्षात राहिला तो अमेय वाघच. आणि ज्याच्यात दहा वर्षांच्या मुलाला स्वतःला बघता येईल, तो शाळकरी फेणे कपाटातच राहिला.

हे काही आपल्याकडेच झालेलं नाही. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल घ्या. पुस्तकातली मार्पल म्हणजे एका खेड्यात राहणारी, विणकाम करत बसणारी म्हातारी. तिला कोणी मोजत नाही. पण गावात कोण कोणाशी का बोलत नाही, कोणाचा मुलगा का खोटं बोलला, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं असतं. त्या अनुभवावरून ती खुनी ओळखते. १९६१ ते १९६४ या काळात तिच्यावर चार इंग्रजी सिनेमे निघाले. त्यातली मार्पल चांगली दणकट, घोड्यावर बसणारी, धमाल करणारी! चारपैकी दोन सिनेमांच्या मूळ कादंबऱ्यांत मार्पल नाहीच, तिथे पायरो हा दुसराच डिटेक्टिव्ह आहे. चौथ्याची तर गोष्टच सिनेमासाठी रचलेली. लोकांना मजा आली, पण ख्रिस्तीबाईंना ते सिनेमे आवडले नव्हते.

मला यात एक गोष्ट खटकते. मार्पलची ताकद घोड्यावर बसण्यात नव्हतीच. शेजारपाजारचं बारकाईने पाहणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं, माणूस ओळखणं, हे तिचं खरं हत्यार. आपल्याकडच्या बायका पाणवठ्यावर, बाजारात, हळदीकुंकवाला हेच करतात आणि लोक त्याला ‘चौकशा’ म्हणून नावं ठेवतात. ख्रिस्तीने त्याच ‘चौकशां’ना बुद्धी म्हटलं. पडद्याने नेमकं तेच बाजूला सारलं.

‘पण ताई, गोष्ट कळली ना? मग पुस्तक कशाला?’ असं कोणी विचारेल. फरक सांगते. चांगल्या रहस्यकथेत खुनाचा धागा लेखकाने आपल्यासमोरच ठेवलेला असतो, दहा साध्या वाक्यांत लपवून. तो आपण शोधायचा. मागची पानं उलटायची, ‘हा त्या रात्री घरी होता म्हणाला, मग चपला ओल्या कशा?’ असं स्वतःला विचारायचं. पडद्यावर बहुतेक वेळा कॅमेराच त्या चपलांवर थांबतो, वर धडाम्‌ संगीत वाजतं. म्हणजे शोधायचं काम दुसऱ्याने केलं, आपण फक्त बघितलं. विचार करायची सवय ज्या वयात लागते, त्या वयातल्या मुलांचं यात नुकसान आहे.

तानसा आणि भातसाचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं. मुंबईत नळ सोडणाऱ्या कितीजणींना ही धरणं कुठे आहेत हे माहीत असतं? आणि इथल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ज्याच्याकडून आलं त्याचा विसर पडला की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लेखकाचंही तसंच. नाव विसरलं की मागणी थांबते, मागणी थांबली की पुस्तक छापायचं थांबतं.

सिनेमा बघू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. मुलांबरोबर जरूर बघा. पण बघून झाल्यावर त्याच आठवड्यात वाचनालयात जा आणि फेणेचं पुस्तक मागा. नसेल तर मागणी नोंदवा. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकंही घेतली जातात. कोणती घ्यायची हे मागणाऱ्यांवरही ठरतं, आणि मागणाऱ्यांत आपण कमी असतो. पुस्तक घरी आलं की रात्री जेवणं उरकल्यावर एक प्रकरण मोठ्याने वाचा. शेवटच्या प्रकरणाआधी थांबा आणि मुलांना विचारा, ‘चोर कोण?’ सासूबाईंनाही विचारा. बहुधा त्याच आधी ओळखतील.