जर्मनीत नोकरी, रविवारी पॅरिस. वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. जर्मनीचे वैध निवास कार्ड आणि पासपोर्ट जवळ असेल, तर शेंगेन गटातले उरलेले २८ देश वेगळ्या व्हिसाविना पाहता येतात. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे निघालेल्या जळगाव-धुळ्याच्या तरुणांना हे माहीत हवे.

त्या राज्यातल्या केल गावातून ट्राम ऱ्हाइन नदी ओलांडून थेट फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला जाते. सुरतच्या गाडीत नवापूर सोडले की गुजरात लागतो, तसेच. मात्र जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीवरच्या सर्व सीमांवर तपासणी सुरू केली. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो तिथे उपयोगाचा नाही.

मर्यादा एकच: कोणत्याही १८० दिवसांत इतर देशांत मिळून ९० दिवस. जाण्या-येण्याचे दिवसही धरतात. दर आठवड्याला शुक्रवारी संध्याकाळी निघालात तरी साधारण ७८ दिवसच भरतात.

लंडन यात नाही. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी व्हिसा वेगळा.

भेटीला येणाऱ्या आई-वडिलांना मुलाच्या कार्डावर फिरता येत नाही. त्यांना स्वतःचा शेंगेन व्हिसा लागतो, शुल्क ९० युरो. तो एकाच प्रवेशाचा असेल, तर मध्येच लंडन पाहून पुन्हा मुलाच्या घरी परतता येणार नाही.