ड्रोन धुऱ्यावर आला, त्याची भाषा कधी शिकणार?

गेल्या खरिपातली गोष्ट. पातूर तालुक्यातल्याच एका गावात सोयाबीनवर ड्रोनने फवारणीचे प्रात्यक्षिक होते. सकाळी आठलाच धुऱ्यावर माणसे जमली होती. यंत्र उडाले, चार-पाच पट्टे फवारून झाले आणि बॅटरी उतरल्याची शिट्टी वाजू लागली. यंत्राने फवारा बंद केला, तोंड फिरवले, आपल्या आपण परत निघाले आणि वाटेतल्या बाभळीत जाऊन अडकले. दोन पंखे तुटले. चालवणारा तरुण ओशाळून म्हणाला, "आरटीएचची हाइट सेट नव्हती."

शेजारचे आबाजी मला म्हणाले, "साहेब, हे पोट्टं काय म्हन्ते जी?" मी सांगितले की बॅटरी संपत आली की यंत्र घरी परत येते, त्याला आरटीएच म्हणतात. आबाजी म्हणाले, "त्याले घरी जायाचं होतं, तं झाडावर कायले गेलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण कृषी पदविकेचे. बोंडअळी, खोडमाशी, मर रोग यांची भाषा मला येते. ही उडत्या यंत्राची भाषा नव्याने शिकावी लागली. शिकता शिकता एक गोष्ट ध्यानात आली. ड्रोन आपल्या वावरात आला, अनुदानाच्या योजना आल्या, पण त्याचे शब्द अजून चालवणाऱ्याच्याच तोंडी आहेत. ज्याचे वावर, ज्याचे औषध आणि ज्याचे नुकसान, तो मात्र धुऱ्यावर मान वर करून उभा आहे.

ड्रोन का आला?

आपल्या गावांनी ड्रोन प्रथम पाहिला तो बहुधा गावठाणाच्या मोजणीत. स्वामित्व योजनेत चुन्याच्या रेषा आखून घरांची हद्द दाखवली गेली आणि वरून छायाचित्रे घेतली गेली. फवारणीच्या ड्रोनचे कारण मात्र वेगळे आहे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि फवाऱ्याचा तुषार तोंडावर येत होता. पाठीवरच्या पंपाचा हा धोका वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यात मजूर मिळत नाही, आणि झडीनंतर काळ्या रानात चार-चार दिवस पाय घालता येत नाही. अशा वेळी वरून फवारणारे यंत्र हवेसे वाटणे साहजिक आहे.

सरकारनेही जोर लावला. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनने औषध फवारण्याची कार्यपद्धती जाहीर केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर झाली: महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन, १२६१ कोटींची तरतूद, किमतीच्या ८० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ८ लाख रुपये साहाय्य. ही मंजुरी २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी होती. पुढे काय आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारूनच अर्ज करावा.

या योजनेतल्या प्रशिक्षणाची विभागणी पाहण्यासारखी आहे. एकूण १५ दिवस. त्यातले ५ दिवस ड्रोन उडवण्याचे आणि १० दिवस खते-औषधे फवारण्याचे. म्हणजे उडवणे हा कामाचा लहान भाग आहे. हेच सूत्र धरून आपण शब्द समजून घेऊ.

हाताचे चार शब्द

चालवणाऱ्याच्या हातातल्या रिमोटवर दोन दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. चार हालचाली त्यांच्यावरच चालतात. आपल्याकडे बहुतेक जण 'मोड दोन' वापरतात. त्यात डाव्या हाताची दांडी वर-खाली केली की यंत्र वर-खाली होते. हा झाला थ्रॉटल. तीच दांडी डावी-उजवीकडे केली की यंत्र जागच्या जागी तोंड फिरवते, जसे पट्टा संपल्यावर आपण वखराचे बैल वळवतो, हा यॉ. उजव्या हाताची दांडी पुढे-मागे केली की यंत्र नाक खाली-वर करते आणि त्या दिशेने सरकते, हा पिच. तीच दांडी बाजूला केली की यंत्र कुशीवर कलते आणि तोंड न फिरवता आडवे सरकते, हा रोल.

नवशिक्याची खरी पंचाईत पुढे होते. यंत्राचे तोंड आपल्याकडे झाले की त्याची उजवी ती आपली डावी होते. बहुतेक धडक इथेच बसते. म्हणून शिकणाऱ्याने आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर, मग मोकळ्या पटांगणात पाण्याची टाकी न भरता हात बसवावा. यंत्र एका जागी हवेत स्थिर ठेवणे याला होव्हर म्हणतात. ज्याला होव्हर जमत नाही, त्याला पिकावर सोडू नये.

यंत्राचे शब्द

चार पंख्यांचा तो क्वाडकॉप्टर, सहाचा हेक्साकॉप्टर. पंख्याला प्रोपेलर म्हणतात. निम्मे पंखे घड्याळाच्या काट्यासारखे आणि निम्मे उलटे फिरतात. बसवताना अदलाबदल झाली तर यंत्र उडताक्षणी पालथे पडते. प्रत्येक मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग म्हणजे ईएससी, आणि सगळ्यांना हुकूम देणारा मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर. त्याला कल कळतो जायरोने, उंची कळते हवेच्या दाबावरून, दिशा होकायंत्रावरून आणि जागा जीपीएसवरून.

होकायंत्र चुकले की सगळे चुकते. म्हणून नव्या गावात गेल्यावर कॅलिब्रेशन करतात. ते डीपीजवळ, टिनाच्या शेडजवळ किंवा ट्रॅक्टरला टेकून करू नये.

जीपीएस मोडमध्ये दांडी सोडली की यंत्र जागा धरून राहते. अॅटिट्यूड मोडमध्ये ते फक्त सरळ राहते, जागा धरत नाही. वारा नेईल तिकडे जाते. जीपीएस गेले आणि चालवणाऱ्याला दुसऱ्या मोडचा सराव नसला, की यंत्र शेजाऱ्याच्या वावरात गेलेच समजा.

बॅटरी लिथियम-पॉलिमर जातीची असते. तिच्यावर '६ एस' किंवा '१२ एस' लिहिलेले असते. एस म्हणजे एकापुढे एक जोडलेले सेल. एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२. फुगलेली बॅटरी वापरू नये, गरम असताना चार्ज करू नये, घरात निजण्याच्या खोलीत तर मुळीच नाही. ही बॅटरी पेटली तर आवरत नाही.

आता आबाजींच्या प्रश्नाचे उत्तर. यंत्र उडाले त्या जागेची नोंद होते, तिला होम म्हणतात. बॅटरी उतरली किंवा रिमोटचा संपर्क तुटला की यंत्र ठरवून दिल्याप्रमाणे स्वतःला वाचवते. याला फेलसेफ म्हणतात. परत येणे म्हणजे आरटीएच. पण परत किती उंचीवरून यायचे, ते माणसाने आधी सांगावे लागते. वावराभोवतीचे सर्वात उंच झाड व विजेची तार पाहून त्याहून वरची उंची द्यायची असते. त्या दिवशी ती दिलेली नव्हती. यंत्राला घर ठाऊक होते, बाभूळ ठाऊक नव्हती.

फवारणीचे शब्द

तुमच्या पैशाचा संबंध सर्वात जास्त इथे आहे. स्वाथ म्हणजे एका फेरीत भिजणाऱ्या पट्ट्याची रुंदी. फ्लो रेट म्हणजे मिनिटाला पडणारे द्रावण. डाउनवॉश म्हणजे पंख्यांचा खाली येणारा वारा. तो पाने हलवून औषध आत पोचवतो. आणि ड्रिफ्ट म्हणजे तुषाराचे वाहून जाणे.

एक हिशेब करून पाहा. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. पट्टा ४ मीटरचा आणि वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर सेकंदाला १६ चौरस मीटर भिजते, म्हणजे एकराला सुमारे सव्वाचार मिनिटे. एकरी १० लिटर द्रावण पडायचे तर फ्लो रेट मिनिटाला सुमारे २.४ लिटर हवा. तो दीडच लिटर असेल तर एकरात सहा-सव्वासहा लिटरच पडतील. मग वळणे, टाकी भरणे धरून सात-दहा मिनिटांत एकर उरकले म्हणून खूश होऊ नका. टाकीत शिल्लक किती राहिले ते आधी पाहा. आपण साधे लोक असलो तरी एवढा हिशेब आपल्याला येतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पाठीवरच्या पंपाला एकरी १५० ते २०० लिटर पाणी लागते, ड्रोनला ८-१० लिटर. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे ड्रोनच्या टाकीतले द्रावण पंधरा-वीस पट जहाल असते. फवारणाऱ्याच्या पाठीवरून विष उतरले, हे खरे. पण ते नाहीसे झाले नाही. द्रावण कालवणाऱ्याच्या हातात ते जास्त दाट होऊन आले. हे काम बहुतेक वेळा घरची बाई किंवा सालदार करतो, तोही उघड्या हातांनी. ड्रोन असला तरी हातमोजे, मास्क आणि चष्मा सुटत नाहीत.

आणि हेच जहाल द्रावण वाऱ्यावर गेले तर? ज्वारी-गव्हातल्या तणासाठी कुणी २,४-डी मारले आणि शेजारी कपाशी असली, तर ती पाने आकसून खराब होते. कपाशीला हे औषध अजिबात सोसत नाही. म्हणून यंत्र पिकाच्या शेंड्यापासून दोन-अडीच मीटरवरच चालवावे, वारा असताना थांबावे, सकाळ-संध्याकाळची शांत वेळ धरावी. विहीर, नाला, गोठा आणि शेजाऱ्याचे पीक यांच्याकडचा पट्टा मोकळा सोडावा. औषध कोणतेही चालत नाही. लेबलवर त्या पिकाचे नाव हवे आणि ड्रोनसाठी मान्यता हवी.

कायद्याचे शब्द: सरपंच व ग्रामसेवकांसाठी

वजनावरून पाच वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम, त्यावर लार्ज. दहा लिटर टाकीचे आपले फवारणी यंत्र सहसा स्मॉल वर्गात येते. त्याला यूआयएन हा ओळख क्रमांक लागतो, जसा गाडीला नंबर. चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते: वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण. त्याची मुदत १० वर्षे. पूर्वी यासाठी पासपोर्ट लागायचा. सप्टेंबर २०२३ पासून मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवानाही चालतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही असे प्रशिक्षण मिळते.

आकाशाचे तीन रंग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात लागते, लाल म्हणजे केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय बंद. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आत बंधने वाढतात. पातूर अकोल्याच्या शिवणी विमानतळापासून लांब आहे, तरी उडवण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहण्याची सवय ठेवावी. यंत्र नजरेआड नेऊ नये. नुकसान झाले तर भरपाई मिळावी म्हणून तिऱ्हाइताचा विमाही लागतो.

सर्वात दुर्लक्षित नियम जुना आहे. कीटकनाशक नियम १९७१ मधला ४३ वा नियम हवाई फवारणीबद्दलच आहे. फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी द्यायची, क्षेत्राच्या खुणा करायच्या, माणसे-जनावरे ठरावीक काळ आत येऊ द्यायची नाहीत, धुण्याची व प्रथमोपचाराची सोय ठेवायची. गावात दवंडी किंवा व्हॉट्सअॅपवर निरोप एवढेच काम आहे, पण होते किती ठिकाणी?

मग करायचे काय?

ड्रोन वाईट नाही. २०१७ ज्याने पाहिले तो असे म्हणणार नाही. पण यंत्र आणि शहाणपण एकाच गाडीतून येत नाही. फवारणीवर पोट भरणाऱ्या मजुराचा प्रश्नही आहेच. ज्याला औषध कळते, वारा कळतो, वावर कळते, त्याच मजुराच्या दहावी झालेल्या मुलामुलीला हे प्रमाणपत्र मिळावे, यासाठी ग्रामपंचायतीने व बचत गटांनी खटपट करावी. उडवणे पाच दिवसांत येते. वावराची जाण मात्र त्यांच्या घरात पिढ्यांपासून आहे.

आणि शेतकरी बंधूंनो, ड्रोनवाला आला की पाच गोष्टी विचारा. प्रमाणपत्र दाखव. यूआयएन कुठे आहे? विमा आहे का? फ्लो रेट किती ठेवला? परत यायची उंची किती दिली? पाचही उत्तरे आली तर खुशाल फवारू द्या. नाही आली तर औषध टाकीत ओतू नका.

आबाजी परवा आठवडी बाजारात भेटले. मी त्यांना बाभळीचा उलगडा करून सांगितला. ते हसले, म्हणाले, "म्हंजे पयले झाड पाहाचं, मंग बटन दाबाचं. हे तं आमाले ठाऊकच होतं."