बुलेट, चोक आणि आमची झोप

निफाडला पारा घसरला, की आमच्या शेजाऱ्यांची जुनी बुलेट पहाटे साडेपाचला दहा-दहा मिनिटे जागच्या जागी गुरगुरते. "इंजिन तापवतोय हो!" तापते त्यांचे इंजिन, खोकते आमची आई.

अहो, थंडीत ऑइल घट्ट होते, कबूल. पण ते वर चढायला अर्धे-पाऊण मिनिट पुष्कळ. पुढे चोक तसाच ठेवला, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइलच धुऊन काढते. वर गार इंजिनाची मूठ पिळायची, म्हणजे झोपलेल्याला उठवून जिन्यावरून पळवायचे! चोक काढावा, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे. इंजिन खरे तापते ते चालताना.

हे सगळे त्यांना ऐकवले. शांतपणे म्हणाले,

"तुमची तर सायकल ना?"