गाठीचे निदान आणि विलंबाचा हिशेब

गळ्यात गाठ दिसली की सातारा-सांगलीकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘गंडमाळ’. तो निराधार नाही. मानेतील लसिकाग्रंथी सुजण्याचे एक प्रमुख कारण आपल्या देशात आजही क्षय हेच आहे. परंतु तशीच न दुखणारी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचीही असू शकते. कधी तो टॉन्सिलमध्येच सुरू होतो व एकाच बाजूचा टॉन्सिल वाढतो. नुसते चाचपून हा भेद सांगणे निष्णात डॉक्टरांनाही अवघड. मग अंदाजाने क्षयाची औषधे सुरू झाली, तर महिने लोटतात आणि गाठ वाढतच राहते.

हा विलंब टाळण्याचे साधन साधे आहे. बारीक सुईने गाठीतील पेशी शोषून घ्यायच्या, काचपट्टीवर पसरवून रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन व एलिस यांनी १९३० साली ही पद्धत मांडली. पुढे स्वीडनमधील डॉक्टरांनी अधिक बारीक सुई वापरून ती रूढ केली. मानेच्या गाठीसाठी तीत ना टाका, ना रुग्णालयातील मुक्काम.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि येथे एक अर्थशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. सुई व काचपट्टी यांना काही रुपये पडतात. दुर्मिळ आहे ती पेशी ओळखणारी अनुभवी नजर. जत, आटपाडी वा माण तालुक्यातील शेतमजुराला मोठ्या रुग्णालयाच्या प्रत्येक फेरीस एका दिवसाची मजुरी व प्रवासखर्च मोजावा लागतो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून तो नाहीच, असे आपण समजतो.

मात्र स्वस्त साधनाला अंतिम निर्णयाचा मान देणे हेही महागात पडते. सुईने सुट्या पेशी मिळतात, ग्रंथीची रचना मिळत नाही. लहान पेशींचा, संथ वाढणारा लिम्फोमा साध्या सुजेसारखा भासू शकतो. हॉजकिनच्या रोगात ओळखीच्या पेशी इतक्या विरळ असतात की सुई रिकामी परतावी. म्हणून लिम्फोमाचा संशय आल्यास ग्रंथी काढून तिची बायोप्सी व पेशींवरील विशिष्ट प्रथिनांची तपासणी आवश्यक ठरते. अहवाल निर्दोष आला, पण गाठ कायम राहिली, तर शोध थांबवता कामा नये. सुई हा दरवाजा आहे, घर नव्हे.

मग करावे काय? मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यातही अलीकडे ते सुरू झाले आहे. या दोन संस्थांतील तज्ज्ञांनी आठवड्यातील एक ठरलेला दिवस तालुक्याच्या रुग्णालयांना द्यावा. रुग्णाने शहरात येण्याऐवजी काचपट्टी यावी, आणि अहवाल ठरलेल्या मुदतीत परत जावा. संशयितांना बायोप्सीची तारीख त्याच वेळी मिळावी. महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचाराचा भार उचलते हे खरे. परंतु निदानावाचून त्या उपचाराचे दार उघडत नाही.

हॉजकिनचा रोग वेळेवर ओळखला तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात, आणि त्यांत तरुणांचे प्रमाण मोठे असते. आपल्या वर्गातील एखादा विद्यार्थी गळपट्टी गुंडाळून महिनोन्‌महिने बसत असेल, तर त्याला ‘तपासून घेतलेस का?’ एवढे विचारणे आपणा शिक्षकांच्या हाती खचितच आहे.