संशयाचा फायदा कोणाचा? अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या वादाचा इतिहास

१/ फौजदारी खटल्यांतील ‘वाजवी संशय’ ही संज्ञा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिचे जे विवेचन जगभरची न्यायालये आजही उद्धृत करतात, ते खुनाच्या खटल्यातले नव्हे. एका सैनिकाच्या विधवेने निवृत्तिवेतनासाठी केलेल्या अपिलात ते प्रथम आले. आजचा धागा तेथून सुरू करू.

२/ आधी मूळ प्रश्न. सैनिक भरती होतो तेव्हा धडधाकट असतो. परततो तेव्हा आजारी. गोळीची जखम डोळ्यांना दिसते. क्षय, फेफरे, मनोविकार यांच्यावर मात्र शत्रूचा शिक्का नसतो. मग तो आजार सेवेमुळे उद्भवला की नाही, हे सिद्ध कोणी करायचे? या वादाचा सारा इतिहास त्या ‘कोणी’भोवती फिरतो.

३/ दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनमध्ये हा भार सैनिकावर होता. त्याविरुद्ध असंतोष वाढला. ‘सेवेस योग्य, तर निवृत्तिवेतनासही योग्य’ अशी घोषणा तेथे दुमदुमली. जुलै १९४३ मध्ये सरकार नमले. सिद्धतेचा भार शासनाकडे गेला आणि त्याच वर्षी कायद्याने स्वतंत्र अपील न्यायाधिकरणे स्थापन झाली.

४/ १९४७ साली ‘मिलर विरुद्ध निवृत्तिवेतन मंत्री’ हे प्रकरण न्यायमूर्ती डेनिंग यांच्यापुढे आले. मध्यपूर्वेत सेवा बजावलेला सैनिक अन्ननलिकेच्या कर्करोगाने वारला होता. डेनिंग यांनी सांगितले : गृहीतक दावेदाराच्या बाजूचे आहे. ते खोडायचे तर आरोपीला दोषी ठरवण्यासाठी लागतो तितका भक्कम पुरावा शासनाने द्यावा. मात्र दूरची, काल्पनिक शक्यता म्हणजे वाजवी संशय नव्हे.

५/ या प्रकरणात ती विधवा हरली. वैद्यकीय पुरावा पुरेसा आहे, असे न्यायालयाला वाटले. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘असा नियम ठेवला तर मागेल त्याला पैसे द्यावे लागतील’ हा आक्षेप पुढे येणारच आहे. नियम दावेदाराच्या बाजूचा असूनही शासन जिंकू शकते. अट एकच : त्याने पुरावा द्यावा.

६/ आता भारतात येऊ. सैन्याच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार अपंगत्व किमान २० टक्के हवे आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले हवे. १९८२ ची पात्रता नियमावली पुढे सांगते : भरतीच्या वेळी नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे मानावे, त्याच्याकडे पुरावा मागू नये, वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा. १९४३ चे तत्त्व येथे जसेच्या तसे भेटते.

७/ कागदावर इतके स्वच्छ लिहिलेले असताना प्रत्यक्षात काय घडले? वैद्यकीय मंडळ एक ओळ लिही : ‘आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही, बळावलेलाही नाही.’ कारण अनेकदा कोरे. त्या एका ओळीवर दावा फेटाळला जाई आणि माजी सैनिक न्यायालयाची पायरी चढे.

८/ एक उदाहरण घ्या. सिग्नल कोअरमधील एक जवान १९८५ मध्ये भरती झाला. भरतीच्या वेळी आजाराची कोणतीही नोंद नव्हती. १९९४ मध्ये फेफऱ्यामुळे २० टक्के कायमचे अपंगत्व ठरवून त्याला घरी पाठवले, निवृत्तिवेतन नाकारले. उच्च न्यायालयात एकसदस्यीय पीठापुढे तो जिंकला, खंडपीठापुढे हरला.

९/ २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला. भरतीच्या वेळी नोंद नाही, मंडळाने कारणे दिलेली नाहीत; म्हणून गृहीतक सैनिकाच्या बाजूचे आणि भार शासनावर. यात नवा कायदा कोणता होता? एकही नाही. ३१ वर्षे जुना नियम न्यायालयाने मोठ्याने वाचून दाखवला, इतकेच. आणि ते ऐकण्यासाठी त्या माणसाला १९ वर्षे थांबावे लागले.

१०/ यानंतर तरी वाद मिटावा? तसे झाले नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हेच तत्त्व पुन्हा सांगावे लागले. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी मंत्रालयाचे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. आपल्याच जखमी सैनिकाविरुद्ध अपिले लढवणाऱ्या शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागते, यावर वेगळे भाष्य कशाला?

११/ दरम्यान २००८ ची नियमावली आली होती. ‘पुरावा मागू नये’ या वाक्यात ‘सामान्यतः’ हा शब्द शिरला. सेवेतून बाहेर पडून १५ वर्षे उलटल्यावर दावा केला आणि मुदत संपल्याने सेवेची कागदपत्रे नष्ट झालेली असली, तर भार सैनिकावर. म्हणजे कागद शासनाने जपायचे, शासनाने नष्ट करायचे आणि त्यांच्या अभावाची शिक्षा सैनिकाने भोगायची! २०२३ मध्ये नियमावली पुन्हा नवी झाली. तत्त्वाचा प्रश्न मात्र जुनाच आहे.

१२/ आक्षेप असा : रक्तदाब, मधुमेह हे तर घरी बसणाऱ्यालाही होतात, करदात्याच्या पैशाची उधळण का व्हावी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर १९४७ नेच दिले. खोटा दावा कारणे देऊन, पुराव्यानिशी खोडावा. वैद्यकीय मंडळ शासनाचे, नोंदी शासनाच्या, वकील शासनाचे. इतके सारे हाती असताना दोन परिच्छेदांची कारणमीमांसा लिहिणे जड का जावे?

१३/ इतिहासाच्या अभ्यासकांनो, कागद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष आपण कधी काढत नाही. कागद कोणाच्या ताब्यात होता आणि तो का उरला नाही, हे आपण आधी विचारतो. हाच प्रश्न सैनिकाच्या फायलीलाही विचारायला हवा.

१४/ अपंगत्व निवृत्तिवेतनाला कोणी दान म्हणाले, तर त्यांना १९४३ चे स्मरण द्या. भरतीच्या दिवशी शासनाचाच डॉक्टर ‘हा निरोगी आहे’ असे लिहून सही करतो. त्या सहीशी प्रामाणिक राहा, एवढीच सैनिकाची मागणी आहे.