बहिणीने 'माफ' केलेला हिस्सा

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला वारसाहक्क दिला. वाक्य खरे आहे. सूरह निसामध्ये मुलगी, बायको, आई आणि बहीण यांचे हिस्से चक्क अपूर्णांकांत सांगितले आहेत. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता यावी म्हणून १८८२ साली कायदा करावा लागला, हेही खरे. जुम्म्याच्या बयानात, कॉलेजच्या वादविवादात आपण हे अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवे. पण ते सांगणाऱ्या किती घरांत अब्बांच्या इंतकालनंतर बहिणीच्या हातात तिचा हिस्सा पडला? नमाजमध्ये चूक झाली तर सजदा-ए-सहू करणारे आपण, या आकड्यांच्या बाबतीत मात्र फार उदार होतो.

आधी हिशेब पाहू, कारण बहुतेक घरांत हिशेब मांडलाच जात नाही. समजा, सुन्नी कुटुंब आहे. वडील गेले, त्यांचे आईवडील आधीच वारले आहेत. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. राहते घर ४८ लाखांचे. दफनाचा खर्च आणि कर्ज फेडून झाल्यावर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ६ लाख. उरले ४२ लाख. मुलाला मुलीच्या दुप्पट या नियमाने त्याचे सहा भाग पडतात. प्रत्येक मुलाला १४ लाख, प्रत्येक मुलीला ७ लाख. सहावीतल्या मुलाला फळ्यावर सोडवता येईल असे हे गणित आहे. प्रत्यक्षात घराचे दोन मजले दोन भावांत वाटले जातात, अम्मी धाकट्याकडे राहते आणि बहिणींना ईदला साडी किंवा ड्रेसचे कापड मिळते.

विचारले तर उत्तर तयार असते : "बहिणींनी माफ केलंय."

हे 'माफ करणे' कसे घडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. चाळिसावा आटोपलेला असतो, घरात बिर्याणीची भांडी अजून घासायची असतात, आणि मामू किंवा मोठे चाचा सगळ्यांसमोर विचारतात, "क्या बेटा, तुमना हिस्सा होना क्या?" अशा प्रश्नाला भर मजलिसीत 'होय' म्हणणारी मुलगी मी पाहिलेली नाही. "मेरेकू कुछ नक्को, भाईजान सलामत रहना बस", असेच उत्तर येते. ती खोटे बोलत नसते. तिला भाऊ हवा असतो, बाळंतपणाला, आजारपणात, नवऱ्याशी बिनसले तर परत यायला एक दार हवे असते. त्या दाराची किंमत म्हणून ती सात लाख देते. यालाच आपण रजामंदी म्हणतो.

याच जातीची दुसरी माफी त्याहून जुनी आहे. जनाजा उचलण्याआधी बेवेला पुढे आणून मेहर माफ करायला सांगतात. समोर नवऱ्याची मय्यत आहे, भोवती पन्नास बायका रडत आहेत, अशा वेळी ती काय म्हणणार? वास्तविक न दिलेली मेहर हे नवऱ्याच्या अंगावरचे कर्ज आहे. वाटणीच्या आधी ते तर्क्यातून फेडायचे असते, मग बाकीचे वारस. बेवेच्या आठव्या हिश्श्याशी त्याचा संबंध नाही, तो वेगळा. पण त्या एका वाक्याने कर्ज पुसले गेले असे सगळे धरून चालतात.

आता कायदा काय म्हणतो आणि फिकह काय म्हणते, ते बघू. आश्चर्य म्हणजे इथे दोन्ही जवळजवळ एकच गोष्ट सांगतात.

वडील जिवंत असताना मुलीने किंवा मुलाने 'मला वाटा नको' असे लिहून दिले तर त्या कागदाला किंमत नाही. मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही. वारस कोण आणि किती हे मृत्यूच्या क्षणी ठरते. जे अजून मिळालेच नाही ते सोडणार कसे? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ अशी नुसती आशा हस्तांतरित करू देत नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा. वारसाने पैसे किंवा मालमत्ता घेऊन हक्क सोडल्याचे कबूल केले असेल, तर त्याच्या या वागणुकीमुळे पुढे दावा करण्याचे दार बंद होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरवले आहे. लग्नात केलेला खर्च मात्र यात बसत नाही. 'तुझ्या शादीत पाच लाख गेले, तोच तुझा हिस्सा' हा हिशेब ना शरियतमध्ये आहे ना कायद्यात. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी कुणी त्याच्या वाट्यातून कापल्याचे ऐकले आहे का?

मृत्यूनंतर हिस्सा सोडता येतो, पण घर किंवा जमीन असेल तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. मजलिसीत म्हटलेले वाक्य पुरत नाही. हनफी फिकहही सांगते की वारसाने 'मी माझा हक्क सोडला' एवढे म्हटल्याने त्याचा हक्क संपत नाही. वाट्याच्या बदल्यात काहीतरी घेऊन बाहेर पडण्याचा रस्ता आहे, त्याला तखारुज म्हणतात. किंवा आधी हिस्सा वेगळा करून तिच्या ताब्यात द्यायचा, आणि मग तिला खरोखर वाटले तर तिने तो भावाला हिबा करायचा. मला हा दुसरा रस्ता सर्वांत प्रामाणिक वाटतो. सात लाख एकदा खात्यात आल्यावर किती बहिणी ते परत करतात ते मग दिसेल.

हक्कसोडपत्राविषयी थोडे जास्त लिहितो, कारण ते माझ्या कामाशी जोडलेले आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे मोहल्ल्यातून लोक कागद वाचून घ्यायला येतात. आपल्या पन्नाशीतल्या कितीतरी बहिणी उर्दू माध्यमात सातवीपर्यंत शिकल्या. त्यांना कुराण वाचता येते, रेशनकार्डावरचे नावही ओळखता येते. पण दस्त असतो मराठीत, तोही अशा मराठीत की मराठी माध्यमाचा पदवीधरही दोनदा वाचील. 'आम्ही आमच्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही दडपणाशिवाय, विनामोबदला' असे त्यात छापलेले असते, आणि खाली अंगठा किंवा उर्दूतली सही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी असते. मजकूर समजला का, असे विचारले जाते आणि ती मान हलवते. भावाने रिक्षातून येताना 'घराच्या टॅक्सचा कागद आहे' असे सांगितलेले असते. असे एक प्रकरण मी वाचून दाखवले तेव्हा ती बाई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सर, वो तो मेरेकू टॅक्स का बोला था." सही होऊन चार वर्षे झाली होती. फसवून घेतलेल्या सहीवर कोर्टात जाता येते, पण मुदतीचे, पुराव्याचे आणि वकिलाच्या फीचे प्रश्न उभे राहतात. शिवाय समोर सख्खा भाऊ. म्हणून सांगतो, सही करण्याआधी कागद घरी आणा आणि आपल्याला कळणाऱ्या भाषेत कुणाकडून तरी वाचून घ्या. कुलमुखत्यारपत्र असेल तर दुप्पट सावध राहा, कारण त्यात विकण्याचा अधिकारही दिलेला असू शकतो.

रूढीने मुलीला बाहेर ठेवणे आपल्यात आजचे नाही. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा समाजातल्या बहिणींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला होता. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी समाजाची रूढी ग्राह्य धरली. रूढी म्हणत होती की मुलगे असताना मुलींना वारसा नाही. बहिणी हरल्या. अशा रूढी मोडण्यासाठी १९३७ चा शरियत कायदा आला. रूढीमुळे आमचे हक्क बुडतात, असे मुस्लिम स्त्रियांच्या संघटना म्हणत होत्या, आणि त्या कायद्याच्या उद्देशातच याचा उल्लेख आहे. गंमत पाहा, ज्या कायद्याच्या बचावासाठी आज मोर्चे निघतात तो मुळात बायकांच्या तक्रारीवर आला होता. अर्थात त्यातही शेतजमीन वगळलेली होती. पुढे मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये ती आत घेतली.

दुसरा गैरसमज वसियतचा. अनेक बाप 'घर मुलांच्या नावे मृत्युपत्र करून ठेवले' असे म्हणून निश्चिंत होतात. मुस्लिम व्यक्तीला मृत्युपत्राने फक्त एक तृतीयांशच देता येते, तेही दफनखर्च, कर्ज आणि मेहर वजा जाता. आणि सुन्नी कायद्याप्रमाणे जो वारस आहे त्याला मृत्युपत्राने दिलेले, बाकी वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय चालत नाही. (शिया कायद्यात एक तृतीयांशापर्यंत वारसालाही देता येते.) म्हणजे मुलींना डावलणारे ते मृत्युपत्र मुलींनी मान्य केले तरच उभे राहते. बँकेतल्या नॉमिनीचेही तसेच. तो पैसे स्वीकारणारा आहे, मालक नव्हे. पैसे शेवटी वारसांत वाटायचे.

हुशार बाप म्हणून हिबा करतात. जिवंतपणी हिबा सगळ्या मालमत्तेचा करता येतो, तोंडीही चालतो, पण देण्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तिन्ही गोष्टी लागतात. कागदावर हिबा आणि मरेपर्यंत भाडे मात्र बापाच्याच खिशात, तर तो हिबा कोर्टात डळमळतो. मृत्युशय्येवरचा असेल तर मर्ज-उल-मौतचा नियम लागून तोही एक तृतीयांशातच अडकतो. कायद्यात बसणाऱ्या अशा हिब्याबद्दल दीन काय म्हणतो, हे मात्र आठवायला हवे. नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी देऊन रसूलुल्लाह यांना साक्षीला बोलावले, तेव्हा त्यांनी साक्षी राहायला नकार दिला. ही हदीस आपल्या मदरशांत शिकवली जाते.

हिबा आणि वसियतचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्याला फक्त मुली आहेत त्याचे घ्या. वरच्याच ४८ लाखांच्या घरात मुलगे नसते तर बायकोला ६ लाख, दोन मुलींना मिळून ३२ लाख आणि उरलेले १० लाख मृताच्या भावांना गेले असते. शिया कायद्यात भावांना काही मिळत नाही. केरळचे वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुलीच आहेत. ८ मार्च २०२३ रोजी त्यांनी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले, म्हणजे वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने जाईल आणि मुलींचा वाटा बाहेर जाणार नाही. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मला त्यांची चिंता अगदी समजते. पूर्वी चाचा मिळालेल्या हिश्श्याबरोबर पोरींची जबाबदारीही घ्यायचा. आजचा चाचा दुबईत आहे, तो फक्त हिश्श्यापुरता परत येतो. दुसरी दुखरी जागा म्हणजे बापाच्या आधी वारलेल्या मुलाची मुले. चाचा हयात असेल तर आजोबांच्या मालमत्तेत त्यांना काही नाही. इजिप्तने १९४६ मध्ये सक्तीच्या वसियतची तरतूद करून आणि पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकमाने यावर आपापला मार्ग काढला. आपल्याकडे आजोबांनी स्वतः त्या यतीम नातवंडांसाठी एक तृतीयांशातून वसियत करणे किंवा हिबा देणे, एवढेच हातात आहे. नातवंडे अशा वेळी वारस नसतात, म्हणून त्यांच्या नावची वसियत चालते. पण ती करायची आठवण कुणाला होत नाही.

आणि तो दुपटीचा प्रश्न. मुलाला दुप्पट का, असे माझ्या वर्गातल्या मुली विचारतात. मी त्यांना परंपरेचे उत्तर सांगतो : घरखर्च, आईबापांची, बहिणींची जबाबदारी मुलावर आहे, बहिणीची कमाई तिची स्वतःची. त्यावर एकीने विचारले, "मग सर, जो जबाबदारी घेत नाही त्याला पण दुप्पट?" याचे उत्तर उलेमांनी द्यावे. मला एवढे दिसते की एकास दोन या प्रमाणावर आपण भांडतो, आणि घरात चाललेल्या शून्यास सर्व या प्रमाणावर कुणी बोलत नाही. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला. तिथल्या मुस्लिम मुलीला तो कायदा आवडला तर तिला समजावणार कोण, ज्याने तिचा सातवा लाखही ठेवून घेतला तो भाऊ?

शेवटी एक कामाची गोष्ट. सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून नाव गेले म्हणून हक्क जात नाही, तो महसुलाचा कागद आहे. उताऱ्यावर मोठ्या भावाच्या नावामागे 'ए.कु.मॅ.' दिसले तरी घाबरू नये. एकत्र कुटुंबाचा कर्ता ही कल्पना मुस्लिम कायद्यात नाहीच. पण नाव गेलेले असताना जमीन विकली गेली की पुढचे सगळे अवघड होते, म्हणून फेरफारावर लक्ष ठेवावे. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. ही नोटीस अर्जात दिलेल्या पत्त्यावर जाते. अर्ज भावाने केलेला असतो आणि पत्ता माहेरचा. वारस नोंद होत असेल तेव्हा तलाठ्याकडे आपला सासरचा पत्ता लेखी द्या आणि पोच घ्या.